लक्षणविरहित वाहक

लक्षणविरहित वाहक म्हणजे अशी व्यक्ती किंवा असा प्राणी, की ज्याच्या शरीरात रोगकारक जंतूंचे वास्तव्य असते, परंतु रोगाचे कोणतेही बाह्य लक्षण दिसत नाही आणि तरीही त्याच्यापासून तो जंतू इतरांपर्यंत पोहोचू शकतो. वाहकाला स्वतःला आजारी असल्याची जाणीव नसते. त्यामुळे तो नेहमीचे व्यवहार, प्रवास आणि कामधंदा चालू ठेवतो. विषमज्वर (टायफॉइड), पटकी (कॉलरा), पोलिओ, घटसर्प, हिवताप, डेंग्यू, एचआयव्ही आणि कोव्हिड-१९ या रोगांच्या प्रसारात लक्षणविरहित संसर्गाचा वाटा आढळून आला आहे.

आजारी असणे आणि संसर्गक्षम असणे या दोन भिन्न अवस्था आहेत. त्या एकाच वेळी येतात, अशा गृहीतकावर उभारलेली साथनियंत्रणाची व्यवस्था लक्षणविरहित वाहकापुढे अपुरी पडते. महाराष्ट्रात पंढरपूरच्या यात्रेतील पटकीपासून कोव्हिड-१९च्या साथीपर्यंत हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे. सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांच्या सीमाभागातील माणदेशात हंगामी स्थलांतर, मोठ्या जत्रा आणि सामायिक पाणीपुरवठा यांमुळे त्याला स्थानिक महत्त्व आहे.

संज्ञा आणि प्रकार

लक्षणे नसताना होणाऱ्या संसर्गाचे साधारणपणे पुढील प्रकार मानले जातात.

• पूर्णतः लक्षणविरहित वाहक : संसर्ग होऊन जातो, परंतु आरंभापासून अखेरपर्यंत लक्षणे दिसत नाहीत. पोलिओचे बहुसंख्य संसर्ग या प्रकारचे असतात.
• लक्षणपूर्व वाहक : लक्षणे पुढे दिसणार असतात, पण त्याआधीच व्यक्ती संसर्गक्षम झालेली असते. गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठण्यापूर्वी सुमारे चार दिवसांपासून रोग पसरवू शकतो.
• रोगमुक्तीकालीन वाहक : रुग्ण बरा होतो, परंतु काही दिवस किंवा आठवडे त्याच्या शरीरातून जंतू बाहेर पडत राहतात.
• दीर्घकालीन वाहक : जंतू शरीरात महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे टिकून राहतात. विषमज्वर झालेल्यांपैकी सुमारे १ ते ५ टक्के व्यक्ती अशा वाहक बनतात.

सुप्त संसर्ग ही याहून वेगळी अवस्था आहे. सुप्त क्षयरोगात क्षयाचे जीवाणू शरीरात असतात, पण ते निष्क्रिय असल्याने अशा व्यक्तीपासून इतरांना संसर्ग होत नाही. याउलट, सक्रिय क्षयरोग असूनही खोकला किंवा ताप न जाणवणाऱ्या व्यक्तीपासून संसर्ग होऊ शकतो.

प्रसाराची प्रक्रिया

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या कालावधीस परिपाक काल म्हणतात. संसर्ग झाल्यापासून व्यक्ती इतरांना रोग देऊ लागेपर्यंतचा कालावधी त्याहून वेगळा असतो. हा दुसरा कालावधी परिपाक कालापेक्षा लहान असेल, तर लक्षणपूर्व प्रसार घडतो.

ताप, खोकला, जुलाब यांसारखी अनेक लक्षणे शरीराच्या प्रतिकारक्रियेतून किंवा ऊतींना झालेल्या इजेतून उद्भवतात. जंतूंची वाढ होत असूनही प्रतिकारक्रिया सौम्य राहिली किंवा इजा मर्यादित राहिली, तर लक्षणे प्रकट होत नाहीत. पोलिओचा विषाणू मुख्यतः आतड्यात वाढतो आणि थोड्याच बालकांत मज्जासंस्थेपर्यंत पोहोचतो. विषमज्वराचे जीवाणू पित्ताशयात, विशेषतः पित्तखडे असल्यास, दीर्घकाळ तग धरतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडत राहतात.

लक्षणविरहित व्यक्ती खोकत किंवा शिंकत नसल्याने तिच्यापासून एका भेटीत होणारा प्रसार रुग्णापेक्षा अनेकदा कमी असतो. तथापि रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो, तर वाहक बाजारात, एसटीत, शाळेत आणि लग्नसमारंभात वावरत असतो. एका भेटीतील धोका कमी असला, तरी भेटींची संख्या जास्त असल्याने एकूण प्रसार लक्षणीय ठरू शकतो.

अभ्यासाचा इतिहास

जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ फ्रीडरिख लोफ्लर यांना १८८४ मध्ये घटसर्पाचा अभ्यास करताना एका निरोगी बालकाच्या घशातही या रोगाचे जीवाणू आढळले. त्यानंतरच्या दोन दशकांत रॉबर्ट कॉख यांनी पटकी आणि विषमज्वर यांच्या संदर्भात निरोगी वाहकांच्या भूमिकेकडे लक्ष वेधले.

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कमधील स्वयंपाकीण मेरी मॅलन हिचे आहे. ती काम करत असलेल्या अनेक कुटुंबांत विषमज्वराचे रुग्ण आढळल्यावर जॉर्ज सोपर यांनी १९०७ मध्ये तिचा छडा लावला. तिला स्वतःला रोगाचे कोणतेही लक्षण नव्हते. तिला बेटावरील रुग्णालयात अलग ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाकाचे काम न करण्याच्या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली. नाव बदलून ती पुन्हा त्याच व्यवसायात आढळल्यावर १९१५ मध्ये तिला परत स्थानबद्ध करण्यात आले आणि १९३८ मध्ये मृत्यू होईपर्यंत ती तेथेच राहिली. न्यूयॉर्कमध्ये इतर वाहकही आढळले होते, परंतु त्यांना अशी आजन्म स्थानबद्धता भोगावी लागली नाही. त्यामुळे हे प्रकरण सार्वजनिक आरोग्य आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांतील संघर्षाचे उदाहरण म्हणूनही अभ्यासले जाते.

देवी आणि पोलिओ : एक तुलना

लक्षणविरहित संसर्गामुळे रोगनिर्मूलनाची पद्धत कशी बदलते, हे देवी आणि पोलिओ या दोन रोगांच्या तुलनेतून स्पष्ट होते. देवीच्या रुग्णाच्या अंगावर ठळक फोड येत आणि लक्षणे नसलेल्या व्यक्तींकडून होणारा प्रसार नगण्य होता. त्यामुळे आरोग्य कर्मचाऱ्यांना गावोगाव फिरून, रुग्णाचे चित्र दाखवून रुग्ण शोधता आले आणि त्याच्या भोवतालच्या लोकांचे लसीकरण करून साखळी तोडता आली. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त घोषित झाले.

पोलिओच्या बाबतीत ही पद्धत लागू पडली नाही. साधारणतः २०० संसर्गांमागे एका बालकालाच अर्धांगवायू होतो. म्हणजे एक रुग्ण दिसतो, तोपर्यंत विषाणू परिसरातील शेकडो बालकांच्या आतड्यांतून फिरलेला असतो. म्हणून पाच वर्षांखालील प्रत्येक बालकाला वारंवार लस पाजण्याची पल्स पोलिओ मोहीम राबवावी लागली. त्याच्या जोडीला सांडपाण्याचे नमुने तपासून विषाणूचा माग काढण्यात आला. भारतात या पद्धतीचा आरंभ २००१ मध्ये मुंबईत झाला. देशातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्ततेचे प्रमाणपत्र मिळाले.

महाराष्ट्रातील उदाहरणे

पटकी आणि पंढरपूरची यात्रा

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंढरपूरच्या यात्राकाळात पटकीच्या साथी वारंवार उद्भवत आणि परतणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटांवर त्यांचा प्रसार होई. पटकीचा संसर्ग झालेल्या बहुतेक व्यक्तींना लक्षणे दिसत नाहीत किंवा केवळ सौम्य जुलाब होतात. मात्र त्यांच्या विष्ठेतून एक ते दहा दिवस जीवाणू बाहेर पडू शकतात. चालू शकणारा यात्रेकरू निरोगी समजला जाई, पण नदीकाठच्या मुक्कामी पाणी दूषित होण्यास तो कारणीभूत ठरू शके. त्यामुळे केवळ रुग्णांना वेगळे काढून साथ थांबत नसे. यात्रेकरूंना लस टोचणे, पाण्याचे क्लोरिनीकरण आणि शौचव्यवस्था हे उपाय परिणामकारक ठरले, कारण त्यांत वाहक कोण आहे हे ओळखण्याची गरज पडत नाही.

कोव्हिड-१९

२००३ मधील सार्स रोगाचा रुग्ण लक्षणे दिसू लागल्यानंतर अधिक संसर्गक्षम होत असे. त्यामुळे ताप तपासणे आणि रुग्णांना वेगळे ठेवणे या उपायांनी ती साथ आटोक्यात आली. कोव्हिड-१९ मध्ये मात्र लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून प्रसार होतो आणि काही संसर्गांत लक्षणे मुळीच दिसत नाहीत. विमानतळावरील तापमापनातून बाधित प्रवासी निसटण्याचे हे एक प्रमुख कारण होते.

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चार जण बाधित आढळले. त्यानंतर संपर्कातील व्यक्तींच्या तपासण्या केल्यावर महिनाअखेरीस रुग्णांची संख्या २५च्या आसपास पोहोचली. संपर्कशोध, परिसर बंद करणे आणि अलगीकरण या उपायांनंतर त्या शहरातील ही साखळी एप्रिलमध्ये आटोक्यात आली. लक्षणांची वाट न पाहता संपर्कातील सर्वांची तपासणी करण्याचे महत्त्व या घटनेतून दिसून आले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे-जून २०२० मध्ये देशातील ७० जिल्ह्यांत पहिले रक्तद्रव सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्रातील बीड, नांदेड, परभणी, जळगाव, अहमदनगर आणि सांगली या सहा जिल्ह्यांचा समावेश होता. देशभरातील ०.७३ टक्के प्रौढांना तोपर्यंत संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज त्यातून निघाला. नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णामागे प्रत्यक्षात ८२ ते १३० संसर्ग झाले असावेत, असेही त्यात अनुमानित करण्यात आले. ही तफावत केवळ लक्षणविरहित संसर्गामुळे नव्हती. तपासणीच्या मर्यादित सोयी हेही तिचे कारण होते.

जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शहरातील तीन प्रभागांत ६,९३६ नमुने तपासले. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे आढळली. एकूण संसर्गांत लक्षणविरहित संसर्गाचे प्रमाण मोठे असावे, असा निष्कर्ष या पाहणीतून काढण्यात आला.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली. घरोघरी जाऊन शरीराचे तापमान आणि रक्तातील प्राणवायूची पातळी मोजणे हा तिचा मुख्य भाग होता. गंभीर होऊ शकणारे रुग्ण आणि मधुमेह, रक्तदाब यांसारख्या सहव्याधी असलेल्या व्यक्ती लवकर सापडण्यास अशी पाहणी उपयुक्त असते. लक्षणविरहित वाहक मात्र तापमापक किंवा ऑक्सिमीटरने ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील चाचणीच आवश्यक असते.

मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत शासनाने सातारा व सांगलीसह १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून बाधितांना विलगीकरण केंद्रात ठेवण्याचा निर्णय घेतला. घरी राहणारे बाधित प्रामुख्याने सौम्य लक्षणांचे किंवा लक्षणविरहित होते. लहान घर, एकच न्हाणीघर आणि एकत्र कुटुंब अशा परिस्थितीत त्यांना घरातल्या घरात वेगळे राहणे अवघड होते.

एचआयव्ही आणि सांगली

एचआयव्हीचा संसर्ग झाल्यानंतर अनेक वर्षे कोणतीही लक्षणे दिसत नाहीत, परंतु या काळात उपचाराअभावी प्रसार होऊ शकतो. १९९० च्या दशकात सांगली जिल्हा या रोगाचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या जिल्ह्यांत गणला जाई. सांगलीतील ‘संग्राम’ (संपदा ग्रामीण महिला संस्था) या संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. या स्त्रियांकडे ‘रोग पसरवणाऱ्या’ म्हणून न पाहता त्यांनाच प्रतिबंधाच्या कामाच्या सूत्रधार बनवणे हे त्या कामाचे वैशिष्ट्य होते. त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद (व्हॅम्प) ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. नियमित औषधोपचारामुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके कमी राहिल्यास लैंगिक संबंधांतून प्रसार होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे.

माणदेशातील संदर्भ

माण नदीच्या खोऱ्यातील माणदेशात साताऱ्यातील माण तालुका, सांगलीतील आटपाडी आणि सोलापूरमधील सांगोला यांचा प्रामुख्याने समावेश होतो. हा पर्जन्यछायेचा, अवर्षणप्रवण प्रदेश आहे. लक्षणविरहित संसर्गाच्या दृष्टीने येथील जीवनाची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची ठरतात.

पहिले वैशिष्ट्य स्थलांतर हे आहे. माण-खटावमधील अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष मुंबईत माथाडी व इतर कामांसाठी राहतात. आटपाडी-खानापूर भागातील गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत पसरलेले आहेत. मेंढपाळ कळपांसह चराईसाठी दूरवर जातात. २०२० च्या टाळेबंदीनंतर शहरांतून परतलेल्यांना गावच्या शाळांत चौदा दिवस ठेवण्यात आले. लक्षणे नसलेल्या धडधाकट व्यक्तीला वेगळे का राहावे लागते, हे अनेकांना प्रथमच समजावून सांगावे लागले. परिपाक काल साधारणतः चौदा दिवसांच्या आत संपतो, हा त्यामागील आधार होता.

दुसरे वैशिष्ट्य जत्रांचे आहे. शिखर शिंगणापूरची चैत्रातील यात्रा, म्हसवड येथील सिद्धनाथाची मार्गशीर्षातील रथयात्रा आणि खरसुंडीची यात्रा यांना दूरदूरचे भाविक येतात. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी शेजारच्या फलटण तालुक्यातून पंढरपूरकडे जाते. २०२० आणि २०२१ मध्ये आषाढी वारीच्या पायी सोहळ्याऐवजी पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. गर्दीतील बाधित व्यक्ती केवळ पाहून ओळखणे शक्य नसल्याने गर्दीच टाळणे, हे या निर्णयामागील तत्त्व होते.

तिसरे वैशिष्ट्य पाण्याचे आहे. टंचाईच्या काळात अनेक वाड्यावस्त्यांना टँकरने पाणी पुरवले जाते आणि एकाच स्रोतावर अनेक कुटुंबे अवलंबून असतात. ‘अ’ प्रकारच्या काविळीत लहान मुलांना बहुधा लक्षणे दिसत नाहीत आणि मोठ्यांमध्येही डोळे पिवळे होण्यापूर्वीच्या एक-दोन आठवड्यांत विषाणू सर्वाधिक प्रमाणात बाहेर पडतो. म्हणून गावात कावीळ दिसण्याची वाट न पाहता टँकर, विहीर आणि साठवण टाकीतील पाण्याचे नियमित क्लोरिनीकरण करणे आवश्यक ठरते.

पशुधनातील वाहक

माणदेशात खिलार जनावरे, शेळ्या आणि मेंढ्या यांना अर्थव्यवस्थेत मोठे स्थान आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात येथे चारा छावण्या उभारल्या गेल्या. त्यांत अनेक गावांची जनावरे महिनोन्‌महिने एकत्र राहिली. लाळ्या-खुरकूत रोगाची लक्षणे गाय-बैलांत ठळक असतात, मात्र शेळ्या-मेंढ्यांत ती इतकी सौम्य असतात की अनेकदा नजरेतून सुटतात. ब्रिटनमधील २००१ च्या साथीत मेंढ्यांच्या खरेदी-विक्रीतून हा रोग ओळखला जाण्यापूर्वीच दूरवर पसरला होता. सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) झालेली गाय किंवा म्हैस एरवी निरोगी दिसते. परंतु तिचे न उकळलेले दूध आणि विताना किंवा गाभडताना बाहेर पडणारा स्राव यांतून माणसालाही संसर्ग होतो. या दोन्ही रोगांसाठी केंद्र शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. छावणीत किंवा बाजारात आणण्यापूर्वी जनावरांचे लसीकरण करणे आणि दूध उकळून वापरणे हे त्यावरील प्रमुख उपाय आहेत.

शोध आणि नियंत्रण

लक्षणविरहित वाहकांवरील उपायांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात वाहक शोधण्याच्या पद्धती येतात. संपर्कशोध, प्रयोगशाळा चाचण्या, रक्तपेढीतील रक्ततपासणी, गरोदर स्त्रियांची एचआयव्ही चाचणी आणि अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी ही त्यांची उदाहरणे होत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात छातीची क्ष-किरण तपासणी केली नसती, तर आढळलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. कारण त्यांच्यात विचारल्या गेलेल्यांपैकी कोणतेही लक्षण नव्हते.

दुसऱ्या गटातील उपायांत वाहक ओळखण्याची आवश्यकताच नसते. शुद्ध पाणी, शौचालये, हात धुणे, सार्वत्रिक लसीकरण, डासनियंत्रण, निरोध आणि हवेशीर निवास हे उपाय सर्वांना सारखेच लागू होतात. चाचणीच्या सोयी दूर असलेल्या ग्रामीण भागात हा दुसरा गट अधिक विश्वासार्ह ठरतो.

सामाजिक आणि कायदेशीर बाजू

वाहकाला आपल्यातील संसर्ग ठाऊक नसतो. त्यामुळे प्रसारासाठी त्याला दोषी धरणे शास्त्रीयदृष्ट्या आणि नैतिकदृष्ट्या अयोग्य मानले जाते. असे असूनही साथीच्या काळात शहरातून परतलेल्यांना गावबंदी, बाधित कुटुंबांशी व्यवहार तोडणे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना घर नाकारणे असे प्रकार देशात अनेक ठिकाणी घडले. कलंकाच्या भीतीने लोक चाचणी टाळतात आणि त्यामुळे वाहक अज्ञातच राहतात. म्हणजे कलंक हा स्वतःच प्रसाराला हातभार लावणारा घटक ठरतो.

भारतात साथरोग अधिनियम, १८९७ अन्वये तपासणी व विलगीकरणाचे अधिकार शासनास मिळतात. त्याच्या उलट बाजूने, एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करणे, संसर्गाची माहिती उघड करणे आणि नोकरी, शिक्षण, निवास किंवा उपचार यांत भेदभाव करणे यांस मनाई आहे. मेरी मॅलनच्या काळात वाहकापासून समाजाचे रक्षण हाच एकमेव विचार प्रभावी होता. वाहकाच्या हक्कांचे रक्षण केल्यास तो तपासणीसाठी पुढे येतो आणि त्यातूनच समाजाचेही रक्षण होते, हा विचार या कायद्यात स्वीकारलेला आहे.